ज्ञानदाच्या नावाचे सोने

तराजूवरचा शेवटचा आकडा स्थिर राहत नव्हता. दोन, तीन, पुन्हा दोन. पारड्याभोवतीच्या काचेची एक बाजू निखळलेली होती आणि छतातल्या एसीची हवा थेट बांगडीवर येत होती. सुचित्राने पर्स काउंटरवर ठेवली, दोन्ही तळहात उभे धरून त्या बाजूला आडोसा केला आणि वाट पाहिली. आकडा दोनवर थांबला.

"चौबीस पॉइंट एक दो," ती म्हणाली. "अब लिखिए."

अशरफने लिहिले. मग पेन कानामागे खोचत त्याने तिच्या हातांकडे पाहिले.

"लॅब में भी ऐसाइच हाथ लगा के बैठते क्या मॅडम?"

"लॅब में काँच टूटा नहीं रहता."

तो हसला आणि पुढची पिशवी उघडली.

कुवेतमधल्या मुबारकियाच्या सोनेबाजारातले हे दुकान तिने सत्तावीस वर्षांत बदलले नव्हते. अशरफ हैदराबादहून इथे कामाला आला तेव्हा त्याला नुकते मिसरूड फुटत होते. आता दाढी पिकली होती आणि दुकान तोच सांभाळत होता. सुचित्रा दर वेळी एकच वस्तू घ्यायला यायची. भाव विचारायची, घडणावळीवरून घासाघीस करायची नाही, आणि बिल मुलीच्या, ज्ञानदाच्या, नावाने करायला सांगायची. आज पहिल्यांदाच ती सगळ्या वस्तू परत घेऊन आली होती. चौदा. प्रत्येक वेगळ्या झिपच्या पिशवीत, प्रत्येक पिशवीवर तिच्या इस्पितळाच्या लॅबमधल्या नमुन्यांना लावतात तसली पांढरी चिकटपट्टी. विकायचंय का, असे त्याने ती आल्याआल्या हलक्या आवाजात विचारले होते. तिने नाही म्हटले. फक्त वजन हवे होते, एकेका वस्तूचे, आणि आजचा भाव.

कशासाठी, तेही तिने सांगितले. न सांगता त्याच्याकडून काम करून घेणे तिला बरे वाटले नाही. ज्ञानदाला अमेरिकेत कर्ज झाले होते, फेडण्यापलीकडचे. तिथे कोर्टात अर्ज केला की त्यातून सुटता येते, पण आधी आपल्या मालकीची प्रत्येक वस्तू लिहून द्यावी लागते. काही वस्तू कायदा सोडून देतो, बाकीच्या विकून पैसे सावकारांना वाटतो. दागिनेही सोडतात, पण थोडेच. ज्ञानदा राहते त्या ओहायो राज्यात ती मर्यादा दोन हजार डॉलरच्या आसपास होती.

अशरफने काउंटरवरच्या पिशव्यांवरून नजर फिरवली.

"वो तो ये एक कंगन में खतम," तो म्हणाला.

शेवटची वस्तू, दहा ग्रॅमचे नाणे, पारड्यावरून उतरले. बेरीज त्याने मशीनवर केली, सुचित्राने मनात. एकशे सोळा ग्रॅम अडतीस. दोघांचे उत्तर जुळले. त्याने कागदावर दुकानाचा शिक्का मारला, पण कागद लगेच दिला नाही. कॉम्प्युटरचा पडदा थोडा तिच्याकडे वळवला. त्यावर ज्ञानदा गायधनी या नावापुढे बिलांची रांग होती.

"मॅडम, नाम बदलना पाँच मिनट का काम है. बच्ची का निकाल के आपका डाल देतूं. पुराने बिल भी नए बना देतूं. किसको मालूम पड़ता?"

हा माणूस एकदा तिच्या मागे बाजाराच्या टोकापर्यंत धावत आला होता, कारण भाव लावताना त्याच्याकडून चारशे फिल्स, म्हणजे अर्ध्या दिनारपेक्षाही कमी, जास्त घेतले गेले होते. हे तिला आठवले. आज तो जे सुचवत होता ते ज्ञानदासाठी सुचवत होता.

"नहीं अशरफभाई. जो है वो रहने दो."

त्याने मान हलवली, पडदा परत वळवला. काउंटरच्या टोकाला एक बुटके स्टूल होते, रेक्झिन फाटलेले. त्याकडे त्याने हनुवटीने खूण केली.

"बच्ची यहीं बैठी थी. चालीस मिनट. रोई नहीं, पूरा डिब्बा हलवा खा गई. आप लोगां आए तब तक मेरा नाम भी पूछ लिया था. पहला बिल उसी दिन का है ना?"

"पहला बिल दशहरे का है," सुचित्रा म्हणाली.

"आप बोले तो दशहरा," अशरफ म्हणाला आणि कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

*

मिरकाबमधले घर चालत वीस मिनिटांवर होते. ऑक्टोबर लागला होता, त्यामुळे संध्याकाळी चालणे जमत होते. सुचित्रा पर्स छातीशी धरून चालली.

ज्ञानदाच्या वकिलांचा प्रश्न एका ओळीचा होता आणि त्याला तीन आठवडे झाले होते. तिचे बाकी सगळे कागद तयार होते. तिने फिजिओथेरपीचे छोटे क्लिनिक काढले होते. जागेचे भाडे आणि यंत्रांचे कर्ज यांना स्वतः जामीन राहिली होती. भागीदार मध्येच निघून गेली, क्लिनिक बंद पडले, आणि त्याच वर्षी अपेंडिक्स फुटून पोटाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा विमा संपून अकरा दिवस झालेले होते. नंतरची दोन वर्षे ती एका इस्पितळात नोकरी करत एका कार्डाचे दुसऱ्या कार्डाने भरत राहिली. आता एका सावकाराने कोर्टाचा हुकूम मिळवला होता. पुढच्या महिन्यापासून तिच्या पगाराचा चौथा हिस्सा परस्पर कापला जाणार होता. अर्ज त्याआधी जायला हवा होता. अर्ज गेला की कपात थांबते, तगादे थांबतात.

फॉर्मची बारावी ओळ दागिन्यांची. तुमच्या मालकीचे काही दुसऱ्या कुणाकडे ठेवलेले आहे का, असे वकिलांनी विचारले, आणि ज्ञानदाने सांगून टाकले की कुवेतमध्ये माझी आई माझ्या नावाने सोने घेऊन ठेवते. मग त्यांनी विचारले, ते सोने कुणाचे? तुमचे असेल तर लिहावे लागेल आणि बहुधा जाईल. आईचे असेल तर आईने तसे एका ओळीत लिहून सही करून पाठवावे.

सुचित्राच्या नवऱ्याला, चंद्रहासला, हे पहिल्यांदा कळले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला होता. सोन्याचं बोलायची काय गरज होती तिला, कुणी विचारलं होतं का, असे तो म्हणाला.

"विचारलं होतं," सुचित्राने सांगितले.

"मग बरोबर. तुझ्यावर गेलीय."

ती ओळ त्याने त्याच दिवशी टाइप करून ठेवली होती. सोने माझे आहे. खाली सहीची जागा. सुचित्राने ती वाचली आणि लॅपटॉप बंद केला. सोने पहिल्या दिवसापासून ज्ञानदाचे होते. ती सहा वर्षांची असल्यापासून सुचित्रा तिला ते दाखवत आली होती. दसऱ्याला, पाडव्याला डबा उघडायचा, नवी पिशवी पुढे करायची. हे तुझं. एकदा दिलेले परत कसे घ्यायचे, हा एक भाग झाला. दुसरा असा की जे खरे नाही त्याखाली तिने आजवर सही केलेली नव्हती. एका वर्षी यंत्राचे मानक चुकले होते हे दुपारी लक्षात आले, तेव्हा तिने सकाळपासूनचे एकेचाळीस रिपोर्ट वॉर्डांतून परत मागवले होते. फरक इतका किरकोळ होता की एकाही रुग्णाचे औषध बदलले नसते. डॉक्टर आठवडाभर तिच्याशी नीट बोलले नव्हते.

ज्ञानदाने घाई केली नाही. जे खरं असेल ते लिही, एवढेच ती म्हणाली. पण दर शनिवारी बोलणे सोन्यापाशी आले की तिच्याकडे दारावर कुणीतरी यायचे, नाहीतर दूध उतू जायचे. ज्ञानदा दूध तापवत नाही, हे सुचित्राला माहीत होते.

या सगळ्याला घरात नाव नव्हते. चंद्रहास 'ते कागद' म्हणायचा. ज्ञानदा 'द फाइलिंग' म्हणायची. सुचित्रा काहीच म्हणायची नाही.

*

शुक्रवारी सकाळी चंद्रहास शर्कच्या मासळीबाजारातून कोलंबी घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो सोलायला बसला. रिफायनरीतल्या तीस वर्षांत त्याला नेमून दिलेल्या पद्धतीने काम करायची सवय लागली होती. डोके, पाय, साल, मग काळा दोरा; एक कोलंबी पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात नाही. शेजारी पाण्याच्या जगला टेकवून त्याने टॅब उभा केला होता. त्यावर ज्ञानदाने पाठवलेली यादी होती. हात ओले असल्याने पान पुढे सरकवायला तो कोपर वापरत होता.

"अर्जाची फी तीनशे अडतीस डॉलर," तो म्हणाला. "वकिलाचे सोळाशे वेगळे. शिवाय दोन कोर्स सक्तीचे, त्यांचे पैसे. हात वर करायलासुद्धा फी आहे बघ."

"ते तिने भरलेत?"

"फी बाकी आहे. वकिलाचे हप्त्याने दिले. सगळं अंगावर आलेलं असताना ती वकिलाचे हप्ते वेळेवर भरतेय." त्याने एक कोलंबी वाडग्यात टाकली. "आता सुटीच्या वस्तू ऐक. घरातलं सामान, एका वस्तूला आठशे डॉलरपर्यंत. धंद्याची अवजारं. म्हणजे तिचं ते व्यायामाचं टेबल वाचलं. गाडी, जुनी असेल तर. आणि स्मशानातली जागा."

"काय?"

"दफनाचा प्लॉट. घेऊन ठेवला असेल तर त्याला हात लावत नाहीत. आपल्याला काही उपयोग नाही, आपलं गोदावरीत भागतं."

सुचित्रा हसली. मग त्याने सामानाची यादी वाचायला घेतली. ती ज्ञानदाने स्वतः केली होती आणि त्यात तिने काही सोडले नव्हते. प्रेशर कुकर, दोन, एकाची शिट्टी नाही: चार डॉलर. गोधडी, हाताने शिवलेली, नाशिक: किंमत सांगता येत नाही, वकिलांच्या सांगण्यावरून पाच डॉलर. पुरणयंत्र: स्वयंपाकाचे हातयंत्र, वापरलेले नाही, तीन डॉलर.

"वापरलेलं नाही," सुचित्रा म्हणाली. "सात वर्षं झाली."

"शपथेवर लिहिलंय, खरंच असणार."

जेवणे झाल्यावर तिने टेबल पुसून कोरडे केले आणि प्लास्टिकचे फोल्डर आणले. ओळ लिहायची की नाही, हे तिला अजून ठरवता येत नव्हते, पण कोष्टक तरी करता येत होते. वस्तू, वजन, बिलाची तारीख, प्रसंग. पहिले तीन रकाने भरायला अर्धा तास लागला. जुनी बिले पिवळी पडली होती, कार्बनची शाई फिकी झाली होती, तरी आकडे वाचता येत होते. चौथ्या रकान्यासाठी तिने जुन्या वर्षांची पंचांगे फोनवर शोधली.

पहिले बिल बाळीजोडाचे, चार ग्रॅम. बारा नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. त्या वर्षी दसरा एक ऑक्टोबरला होता.

तिने दसरा पुन्हा तपासला. मग दिवाळी. तीही होऊन गेली होती. दुसऱ्या बिलावर ती गेली, मग तिसऱ्यावर. चौदांपैकी दोन तारखा पाडव्याच्या निघाल्या. बाकी बारा कुठल्याच मुहूर्ताजवळ नव्हत्या. एखाददुसरी तारीख चुकली तर ती नोंदीतली चूक असते. बारा चुकल्या तर मोजणाऱ्याच्या समजुतीत काहीतरी चुकलेले असते, हे तिने कितीतरी शिकाऊ मुलींना सांगितले होते.

चंद्रहास आरामखुर्चीत पडला होता, डोळे मिटून. झोपलेला नव्हता.

"सहा मार्च दोन हजार तीन," ती म्हणाली. स्वतःशीच, पण ऐकू जाईल इतके.

"युद्धाच्या सायरनची तालीम," तो डोळे न उघडता म्हणाला. "शाळा बंद झाल्या होत्या. दोन दिवसांनी तिला कुलकर्ण्यांबरोबर नाशिकला पाठवली."

सुचित्राने चेन ठेवलेल्या पिशवीकडे पाहिले. त्या दिवशी पाडव्याची खरेदी लवकर उरकून घेतली, असे तिने तेव्हा त्याला सांगितले होते. पाडवा महिनाभर पुढे होता.

"एकोणीस ऑगस्ट दोन हजार दहा."

"एअरपोर्ट. तिची बॅग तीन किलो जास्त भरली, तू पुरणयंत्र काढायला तयार नव्हतीस. मग दर वेळी तेच. शेवटी सात वर्षांपूर्वी नेलं तिने."

"जुलै दोन हजार वीस."

"बाजार उघडला त्या आठवड्यात. ती तिथे खोलीत एकटी तापाने पडली होती तेव्हा दुकानं बंद होती. बरी झाल्यावर गेलीस."

तिने पुढची तारीख वाचली नाही. ती बांगडी होती, चोवीस ग्रॅमची, सगळ्यांत जड. दोन हजार बावीसचा डिसेंबर. ज्ञानदाने साखरपुडा मोडल्याचे फोनवर सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सुचित्रा लॅबमधून परस्पर बाजारात गेली होती. लग्नाचा दागिना आता तर लागणारच नाही, असे चंद्रहास तेव्हा बोलला नव्हता. तिने बांगडी दाखवली तेव्हा त्याने ती हातात घेऊन छान आहे म्हटले होते.

"तुम्हाला हे सगळं कसं लक्षात आहे?"

"मी घरातच होतो ना," चंद्रहास म्हणाला.

जरा वेळाने त्याने डोळे उघडले आणि तो उठून बसला.

"तू बाजारातून आलीस की मी आधी ज्ञानदाला फोन लावायचो. बरी आहेस ना, विचारायला. तुला वाटायचं मी दागिना बघत नाही."

सुचित्राने पेन्सिल घेतली आणि चौथ्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. प्रसंग. पहिल्या ओळीत तिने लिहिले, बाजारात हरवली, चाळीस मिनिटे. ते लिहिताना अशरफचे स्टूल डोळ्यांपुढे आले. फ्रॉकवर हलव्याचे तूप, लोंबणारे पाय, आणि स्वतःचे हात, जे तिला मुलीच्या अंगावरून काढताच येत नव्हते. काहीतरी करायला हवे होते. समोर काचेत बाळ्या होत्या. तिने बाळ्या मागितल्या होत्या. नाव काय लिहू, असे तेव्हाच्या मालकाने विचारले, आणि तिच्या तोंडात त्या क्षणी एकच नाव होते.

चौदा ओळी भरल्या. तिने कोष्टक वरून खाली एकदा वाचले. मग खोडरबर घेऊन वरचा मथळा पुसला. 'ज्ञानदाचे सोने' असा होता. त्या जागी दुसरे काही लिहिले नाही.

*

शनिवारी संध्याकाळी पाचला त्यांनी फोन लावला. ओहायोत सकाळचे दहा वाजले होते. ज्ञानदा स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसली होती. केस वर बांधलेले, चष्मा नाकावर घसरलेला. तिच्या मागच्या फळीवर पुरणयंत्र होते. त्यातून मनीप्लँटचा वेल खाली आला होता.

"वापरात आहे की," चंद्रहास म्हणाला. "तीन डॉलर कमी लावलेस."

"बाबा, प्लीज. वकिलांनी मला विचारलं हे काय आहे. मला पाच मिनिटं एक्स्प्लेन करावं लागलं. ही थॉट इट वॉज अ वेपन."

ती हसली, तोही हसला. मग चंद्रहास खुर्ची मागे घेऊन पडद्याच्या बाहेर गेला. तो कुठे जात नव्हता. शेजारीच बसला होता, फक्त दिसत नव्हता. सुचित्रापुढे कोष्टक होते, त्याखाली बिले, आणि डाव्या हाताशी अशरफचा शिक्का मारलेला कागद.

ज्ञानदाने ते पाहिले. तिने कप उचलला, परत ठेवला.

"आई, आपण हे नंतर बोलू या का? मला वाटतं दारावर कुणीतरी..."

"दारावर कुणी नाही," सुचित्रा म्हणाली. "बस."

ज्ञानदा बसली. सहा वर्षांची असताना बसली होती तशी, पाठ सरळ, हात मांडीवर. ती पुढे बोलली तेव्हा आवाज खाली गेला होता. तिने सांगितले की तिने खूप विचार केला आहे. आईने काही लिहायची गरज नाही. ती सगळे सोने बाराव्या ओळीत टाकेल, वजनासकट. ते जाईल. पण आईला खोटे लिहावे लागणार नाही. एकच गोष्ट तिला सोसवत नव्हती, आणि अर्ज न करता दोन वर्षे त्यापायीच निघून गेली होती.

"तू एवढं जमवलंस, अँड इट गोज इन्टू समबडीज लिस्ट. बिकॉज ऑफ मी. ते मला बघवत नाही."

सुचित्राने कोष्टक सरळ केले. त्याच्या कडा टेबलाच्या कडेला समांतर आल्या.

"माझं ऐक," ती म्हणाली. "वजन एकशे सोळा पूर्णांक तीन आठ. बिलं चौदा. सगळी तुझ्या नावावर आहेत, ती चूक माझी. मी ती सगळी स्कॅन करून पाठवते. वकिलांना दे, कोर्टाला दाखवू देत. लपवायचं काही नाही. आणि त्यांच्याबरोबर हे एक पान पाठवते. त्यात तारखा आहेत आणि त्या दिवशी काय झालं होतं ते आहे. ते इंग्रजीत करीन मी."

"काय झालं होतं म्हणजे?"

"तू हरवलीस. सायरन वाजले. तू गेलीस. तुला ताप आला." तिने पान थोडे वर धरले, कॅमेऱ्यापुढे. ज्ञानदा पुढे झुकली. मराठी वाचायला तिला वेळ लागायचा. ओठ हलत होते. सुचित्राने पान हलू दिले नाही. खालून एसीची हवा लागत होती म्हणून दुसऱ्या हाताने तिने कोपरा धरून ठेवला.

शेवटून चौथ्या ओळीवर ज्ञानदाची नजर थांबली. बांगडीची ओळ. तिने चष्मा काढला.

"मला वाटायचं हे लग्नासाठी आहे," ती म्हणाली. "म्हणजे, तू कधी बोलली नाहीस. पण दर वेळी डबा उघडायचीस तेव्हा मला वाटायचं, मी अजून काहीतरी द्यायचं बाकी आहे."

"मलाही लग्नासाठीच आहे असं वाटत होतं."

पडद्याबाहेर चंद्रहासची खुर्ची किंचित करकरली.

सुचित्राने पान खाली ठेवले. तीन आठवडे जी ओळ तिच्या हाताखालून जात नव्हती ती आता लिहिता आली असती. पण लिहिण्याआधी ती बोलायला हवी होती, आणि जिच्यापाशी बोलायची ती समोर होती.

"ते सोनं माझं आहे, ज्ञानदा. मी घाबरले की घेत होते. तुझं त्यात काहीच नव्हतं, नाव सोडून."

 ज्ञानदा चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिली, एक बाजू, मग दुसरी. फळीवरच्या मनीप्लँटचे एक पान हलत होते. मग तिने चष्मा घातला आणि खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, तू पण ये ना इकडे. मला दोघं दिसायला हवेत."

चंद्रहास खुर्ची सरकवत पडद्यात आला. दोघे खांद्याला खांदा लावून बसले. ज्ञानदाने दोघांकडे पाहिले आणि तोंडातल्या तोंडात एक शब्द जुळवून पाहिला. घरात तो कुणीच उच्चारला नव्हता, तो तिने कुठून शोधून काढला होता कोण जाणे.

"आई, बाबा," ती मराठीत म्हणाली, "सोमवारी मी दिवाळखोरीचा अर्ज करतेय."